छाटणीची तारीख

शेजाऱ्याचं वाटोळं व्हावं असं कुणालाच वाटत नाही. शेजाऱ्याचं बरं व्हावं, फक्त आपल्यापेक्षा दोन बोटं कमी व्हावं, एवढीच माणसाची माफक अपेक्षा असते. अंबाडीच्या केसरीनाथाचीही तेवढीच होती. ती पुरी झाली असती तर हा माणूस देवमाणूस म्हणून मेला असता.

केसरीनाथाला सगळे भाऊ म्हणायचे. एकोणऐंशी साली भाऊ कुणाच्या तरी लग्नाला नाशिककडे गेला आणि येताना एसटीच्या टपावर द्राक्षाच्या काड्यांचे दोन भारे टाकून घेऊन आला. भिवंडी-वाडा रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा भात सोडून दुसरं काही नव्हतं. लोक पोट धरधरून हसले. इथल्या पावसात दाराच्या कडीला बुरशी येते, तिथं द्राक्ष काय टिकणार? पण भाऊने आणलेली जात होती बंगलोर ब्लू. काळी, जाड सालीची, बियांची, दमट हवेला न भिणारी. तिसऱ्या वर्षी मांडवावर घड लोंबले आणि गणेशपुरीच्या आश्रमात जाणारे पाहुणे अंबाडी नाक्यावर एसटीतून उतरून द्राक्षं घेऊ लागले. हसणारे लोक गुपचूप काड्या मागायला आले. भाऊने दिल्या. दानत होती माणसाची, आणि दिल्याचं गावभर सांगायची हौसही होती.

दहा वर्षांत आसपास आठ-नऊ मळे झाले. सगळे भाऊच्या काडीचे आणि सगळे भाऊच्या तारखेवर चालणारे.

ही तारीख म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. द्राक्षाची वेल पावसाळा संपता संपता छाटायची असते. छाटली की दहा-बारा दिवसांत कोवळे फुटवे निघतात आणि त्यातच घड असतो. त्या फुटव्यांवर पाऊस पडला की केवडा रोग येतो, घड जळतो आणि वर्ष गेलं म्हणून समजा. फार उशीर केला तर फळ उन्हाळ्यात सापडतं. तेव्हा हस्त नक्षत्राचा पाऊस, लोक ज्याला नुसतं हत्ती म्हणतात तो, नेमका कधी सरतो हे ज्याला कळलं त्याला द्राक्ष कळलं. भाऊला ते कळायचं. तो चतुर किडे किती खाली उडतात ते बघायचा, मंदाकिनी डोंगरावरचे ढग बघायचा, मुंग्या अंडी कुठं नेतात ते बघायचा, आणि एक दिवस नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर ऐटीत सांगायचा, "परवा." मग परवा तो नारळ घेऊन मळ्यामळ्यात फिरायचा. पहिल्या वेलीच्या बुंध्याशी नारळ फोडायचा, पहिली काडी आपल्या हाताने कापायची, मग मालकाने पुढं कापत जायचं. याला म्हणायचे भाऊचा हात लागणं. हात लागल्याशिवाय छाटणी करायची कुणाची छाती नव्हती.

या आठ-नऊ जणांत भाऊचा लाडका होता सुधीर मास्तर.

सुधीर भिवंडीच्या ब्राह्मण आळीत वाढलेला, अंबाडीच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. भाऊच्या मळ्याला लागून चढावरची तीस गुंठे मुरमाड जमीन त्याने घेतली आणि त्र्याऐंशी साली वही-पेन घेऊन भाऊच्या दारात येऊन उभा राहिला. "भाऊ, मला द्राक्ष शिकवा." भाऊची छाती फुगली. ज्या मास्तराला सरपंचसुद्धा अहो-जाहो करतो तो आपल्यासमोर वही उघडून बसलाय! सगळं गाव मास्तरांना 'तुम्ही' म्हणायचं, भाऊ एकटा 'तू' म्हणायचा, आणि तेही चारचौघांत, जरा मोठ्याने. काडीवरचा डोळा कुठला ठेवायचा, कात्री कशी धरायची, मोरचूद-चुना किती कालवायचा, गंधक कधी मारायचं, सगळं त्याने हातचं न राखता शिकवलं. "माजा चेला हाय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. चेला होता तोवर सगळं गोड होतं.

शहाऐंशीच्या जानेवारीत पाठीवर पंप घेऊन फवारणी करताना मास्तर मळ्यातच भोवळ येऊन पडला. दोन दिवस भिवंडीच्या दवाखान्यात होता. परत आला तो म्हणाला, "भाऊ, मी आता विष मारणार नाही."

"मंग काय आरती करशील?" भाऊ म्हणाला. टपरीवर जो हशा झाला तो आठ दिवस पुरला.

मास्तराने आरती केली नाही, पण जे केलं ते भाऊच्या मते त्याहून येडपटपणाचं होतं. त्याने वेलींच्या ओळींमध्ये ताग आणि चवळी पेरली, ती वाढली की कापून तिथंच पसरली. नांगर बंद. भाताचा पेंढा, पळसाची, ऐनाची पानं, जे मिळेल ते आणून बुंध्याशी घातलं. औषध म्हणून ताक आणि चुलीची राख. वर आणखी पंधरा कोंबड्या मळ्यात मोकळ्या सोडल्या. भाऊच्या मळ्यातली जमीन अंगणासारखी स्वच्छ, गवताची काडी दिसायची नाही. बांधापलीकडे मास्तराचा हा उकिरडा. त्यातून इथली रीत अशी की पालापाचोळा शेतात पडला तर तो भाताच्या रोपासाठी राब म्हणून जाळायचा. पाचोळा न जाळता पांघरूण घालून ठेवणारा माणूस अंबाडीने पहिल्यांदाच पाहिला.

"मास्तरानी द्राक्ष लावलंय का गवत?" लोक विचारायचे.

"शाळंत पोरं वळत न्हाईत, म्हणून कोंबड्या वळतंय," भाऊ सांगायचा. तोवरही सगळं ठीक होतं, कारण दोन वर्षं मास्तराचं पीक भाऊच्या निम्मंच आलं. भाऊ त्याला सल्ला द्यायचा, खांद्यावर हात ठेवायचा, आपल्या घरची पाटीभर द्राक्षं त्याच्या बायकोला, सुचेताबाईंना, पाठवायचा. हरणाऱ्या चेल्यासारखं लाडकं माणूस नसतं जगात.

एकोणनव्वद साली नीलाताई आल्या.

नीलाताई कर्णिक कसारा घाटाच्या वर इगतपुरीकडे वाईन करायच्या. परवाना काढलेला छोटा कारखाना होता, नवरा आणि त्या मिळून चालवायच्या. "बाई दारू काढते!" म्हणून अंबाडीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. त्यांनी जीपमधून उतरून भाऊचा मळा पाहिला, मास्तराचा पाहिला, दोघांचीही द्राक्षं घेतली. भाऊला भाव बरा मिळाला. पण त्याला भावाचं नव्हतं, आपल्या द्राक्षाची वाईन होणार याचं अप्रूप होतं. स्वतः तो ताडीपलीकडे कधी गेला नव्हता, तरी वर्षभर टपरीवर वाईन या विषयावर तो बोलत राहिला.

पुढच्या मार्चमध्ये नीलाताई परत आल्या. मास्तराच्या पडवीत सगळ्या मळेवाल्यांना बोलावलं. भाऊ अर्थातच पुढच्या खुर्चीवर. त्यांनी एक बाटली काढली. तिच्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती: 'अंबाडी. सुधीर मास्तरांचा मळा.'

भाऊने दुसरी बाटली कधी निघते म्हणून पिशवीकडे पाहिलं. पिशवी रिकामी होती.

"भाऊ, तुमचं मन दुखवायचं नाही मला," नीलाताई म्हणाल्या, "पण खरं सांगते. तुमच्या द्राक्षांचं पिंप मला ओतून द्यावं लागलं. सालीवर गंधक राहिलं होतं. रस आंबायला लागल्यावर त्याला सडक्या अंड्यांचा वास मारायला लागला. आणि मास्तरांचं पिंप आपणहून आंबलं, आपणहून निवळलं. आता आम्ही ठरवलंय, आमच्याकडे फक्त बिनविषारी द्राक्ष येणार. घाटावर सात शेतकरी तयार झालेत, औषध बंद, नांगर बंद. इकडेही तेच करू. मास्तरांची माती हातात घेऊन पाहा, तिला रानाचा वास येतो." मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी भाऊकडे वळल्या. "तुम्ही सगळ्यांनी मास्तरांकडून शिकून घ्या. भाऊ, तुम्हीसुद्धा."

बाई भल्या हेतूनेच बोलली. पण काही वाक्यं माणसाच्या अंगात शिरतात आणि बाहेर निघायची वाट विसरतात. तुम्हीसुद्धा! भाऊ हसला. "शिकू की," म्हणाला. चहा अर्धा ठेवून तो उठला.

घरी येऊन त्याने बायकोला, तुळजाला, सगळं सांगितलं. बाटलीचं मात्र सांगितलं नाही.

"मंग बराबर बोलली की बाई," तुळजा भाकरी थापत म्हणाली. "मास्तरानी केलं ते आपून बी करू. आपली माती दगड झालीय. कुदळ मारली तर ठणकारते. मी कवापासना सांगतंय."

"मी शिकू? त्याच्याकून? ज्याला कात्री धरायला मी शिकवली?"

"पोरगं बापाच्या वरचढ झालं तर बाप पेढं वाटतो."

"तो माजा पोरगा न्हाय!" भाऊ असा ओरडला की तुळजाने भाकरी तव्यावर टाकायची थांबवली आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. तुळजा फार बोलणारी बाई नव्हती, पण नवऱ्याबद्दल दुसरं कुणी वावगं बोललेलं तिला खपायचं नाही. स्वतः बोलायची तो हक्कच वेगळा.

तेव्हापासून भाऊला बांधापलीकडे पाहिल्याशिवाय चैन पडेना. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, तशी गत. सकाळी तोंड धुवायच्या आधी तो बांधावर. मास्तराच्या वेलीची पानं अधिक काळीशार आहेत का? बुंधा जाड झाला का? आपल्या मळ्यात मे महिन्यात पाण्याच्या तीन पाळ्या लागतात, त्याला एकच कशी पुरते? एके दुपारी मास्तर शाळेत असताना भाऊ चोरासारखा बांध ओलांडून गेला आणि पेंढा बाजूला सारून त्याने मूठभर माती उचलली. गार होती, भुसभुशीत होती, तीत दोन गांडुळं वळवळत होती. त्याने ती नाकाशी नेली. खरोखरच रानाचा वास येत होता. भाऊने माती जोराने फेकून दिली आणि हात धोतराला पुसले.

वाईनसुद्धा त्याने चाखली. सुचेताबाईंनी आग्रहाने घोटभर दिली होती. वाईट असती तर बरं वाटलं असतं. ती चांगली होती. त्या रात्री भाऊ जेवला नाही.

आणि लोक? लोक म्हणजे वारा येईल तिकडे. बाळाराम, ज्याला भाऊने काड्या फुकट दिल्या, ज्याच्या मांडवाचे खांबसुद्धा भाऊने उभे करून दिले, तो आता मास्तराच्या मळ्यात तागाचं बी मागायला जायचा. आधी भाऊला नमस्कार घालून मग बांधावरून मास्तराला हाक मारायचा. पावसाळाभर भाऊने ते पाहिलं. त्याला एकच दिलासा होता. ताग मास्तराचा असेल, कोंबड्या मास्तराच्या असतील, नीलाबाई मास्तराची असेल, पण तारीख आपली आहे. आपला हात लागल्याशिवाय मास्तराचीही कात्री चालत नाही. बाकी सगळं गेलं तरी तेवढं होतं.

गणपती झाले आणि मास्तर नेहमीप्रमाणे आला. पायरीवर बसला, नेहमीप्रमाणे विचारलं, "भाऊ, यंदा कधी?"

नव्वद साल होतं. भाऊने त्या वर्षीची लक्षणं पाहून ठेवली होती. चतुर खाली होते. मुंग्या अजून अंडी वर नेत होत्या. हत्ती यंदा जोराचा पडणार आणि सरायला उशीर लावणार, दसऱ्यानंतर पंधरा दिवस तरी थांबायला हवं, हे त्याला आपल्या हाताच्या रेघांइतकं स्पष्ट ठाऊक होतं. त्याने तोंड उघडलं ते हेच सांगायला. पण समोर मास्तर बसला होता, शांत, विश्वासाने मान वर केलेला, आणि भाऊच्या डोळ्यांपुढं बाटलीवरची ती चिठ्ठी आली.

"तुजा मळा चढावर," भाऊ म्हणाला. "पाणी थांबत न्हाय. वर तुज्या त्या गवतानी वेल लवकर जागी होते. बाकीच्यांना मी मागनं सांगीन. तू घटस्थापनेला काप."

मास्तराने बोटांवर दिवस मोजले. "घटस्थापनेला? इतक्या लवकर?"

"मना शिकवतंस?"

"नाही, भाऊ. तसं नाही. तुम्ही याल ना हात लावायला?"

येणं भागच होतं. घटस्थापनेच्या सकाळी भाऊ नारळ घेऊन मास्तराच्या मळ्यात गेला. सुचेताबाईंनी हळद-कुंकू आणलं होतं. भाऊने नारळ फोडला. कात्री हातात घेतली, पहिल्या वेलीची काडी धरली. ही वेल त्याने स्वतः लावून दिली होती. कात्री जरा वेळ काडीवर तशीच राहिली, नाही असं नाही. पण त्याने कापली. आणि अंगभर एक गोड गोड गारवा पसरला. कित्येक वर्षांत इतकं मोकळं त्याला वाटलं नव्हतं.

दुपारच्या एसटीने तो भिवंडीजवळ नारपोलीला निघून गेला. तिथं मुलगी दिली होती, चंद्रा. तिच्या घरी घट बसायचे, बाप दरवर्षी एखादा दिवस जायचा. यंदा म्हणाला, दसरा करूनच जाईन. खरी गोष्ट अशी की मास्तराचे फुटवे निघताना त्याला पाहायचे नव्हते.

नारपोलीत घराला लागूनच जावयाचे कापड विणायचे लूम. दिवसरात्र खडखडाट. भाऊला झोप यायची नाही. जावई म्हणायचा, "मामा, आवाजानी तकलीफ होते का?" भाऊ नाही म्हणायचा. त्याचा कान लूमकडे नव्हताच, वर पत्र्याकडे होता. सातव्या माळेपर्यंत आभाळ कोरडं. भाऊचा जीव खालीवर. चुकलो की काय? मास्तराचं चांगलं तर नाही ना होणार? आठव्या दिवशी संध्याकाळी शिफ्ट बदलत असताना पत्र्यावर पहिला टपोरा थेंब वाजला. मग दहा. मग असा कोसळला की लूमसुद्धा ऐकू येईनात. गल्लीत पाणी भरलं, कारागीर लुंग्या वर करून पळाले. चंद्राने बाहेर येऊन पाहिलं तर बाप ओट्यावर उभा राहून हसत होता.

"बाबा, काय झालं?"

"हत्ती पडला," भाऊ म्हणाला. "मी बोललो व्हतो."

पाऊस दहा दिवस राहिला. दसऱ्याची आपट्याची पानं भिजली. अकराव्या दिवशी उघडीप झाल्यावर भाऊ अंबाडी नाक्यावर उतरला आणि घरी न जाता थेट मळ्याकडे निघाला. मास्तराला कसं तोंड करून भेटायचं ते त्याने वाटेत ठरवलं होतं. 'अरारा, देवाची करणी,' म्हणायचं. खांद्यावर हात ठेवायचा. 'खचू नकोस, मी हाय.' पाहिजे तर चार पाट्या द्राक्षं द्यायची. दिलदारपणाची सगळी तयारी झाली होती.

मळ्याच्या तोंडाशी येऊन तो थांबला.

त्याचा स्वतःचा मळा छाटलेला होता. दोन एकरांतली प्रत्येक वेल. प्रत्येक काडीवर बोटभर फुटवा निघाला होता आणि प्रत्येक फुटवा काळा पडून लोंबत होता. घडांच्या जागी जळकी सुतं. उघड्या जमिनीवरची माती पावसाने उडून पानांना लागली होती आणि पानांच्या पाठीवर केवड्याची पांढरी बुरशी माजली होती. मधल्या ओळीत तुळजा डोक्यावर पदर घेऊन उकिडवी बसली होती.

"कोनी केलं हे?" भाऊने तिथूनच विचारलं.

"मी," तुळजा म्हणाली.

मग तिने सांगितलं. भाऊ नारपोलीला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर घरी आला. म्हणाला, शाळेत पाऊस मोजायचं नळकांडं आहे, त्याच्या दहा वर्षांच्या नोंदी माझ्याकडे आहेत, मला भाऊंची तारीख फार लवकर वाटते, मी दोन ओळी कापून थांबलोय, भाऊंना निरोप द्या, त्यांनी आपला मळा घाईने छाटू नये. "माजं टाळकंच सरकलं," तुळजा म्हणाली. "मी बोलले, मास्तर, ज्यानी तुमाला शिकवलं त्याची चूक काढता? नळकांड्यावरनं? आमच्या मानसानी सांगितलं म्हंजे सांगितलं! तुमी घाबरता तर घाबरा. आमी घाबरत न्हाय. दुसऱ्याच दिवशी पाड्यावरच्या धा बाया आनल्या आन् सांच्याला मळा छाटून टाकला. तुमची तारीख खोटी पडता कामा नये म्हणून."

भाऊने हातातली पिशवी मातीत टाकली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. पण ही म्हण त्याला त्या वेळी आठवली नसावी. त्याने बांधापलीकडे पाहिलं. मास्तराच्या दोन ओळी तेवढ्या छाटलेल्या होत्या, बाकीच्या वेली जुन्या पानांत सुखरूप उभ्या. आणि त्या दोन ओळींतसुद्धा, पेंढ्याने माती उडू दिली नाही म्हणून म्हणा, निम्मे फुटवे हिरवे होते.

मास्तराने उरलेला मळा पाऊस सरल्यावर छाटला. बाकीच्यांना भाऊने तारीख सांगितलीच नाही, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सगळ्यांनी मास्तराची कात्री पाहून आपापली चालवली.

मास्तर रोज यायचा. तोंडातून चुकूनही दोषाचा शब्द निघाला नाही. "होतं, भाऊ. यंदा हवामानच विचित्र होतं, कुणाचाही अंदाज चुकला असता." गावही तसंच वागलं. टपरीवर भाऊ आला की विषय बदलायचा. कुणी त्याला बसायला बाकडं पुसून द्यायचं. चतुर आणि मुंग्या यांच्याबद्दल कुणी विचारेना. भाऊला शिव्या चालल्या असत्या, थट्टा चालली असती. ही कीव त्याला पचेना. पंधरा दिवसांत तो गावाचा म्हातारा झाला.

मार्चमध्ये मास्तराच्या मळ्याची तोडणी निघाली. घड असे आले होते की मांडवाला टेकू द्यावे लागले. घाटावरून नीलाताईंचा टेम्पो आला. सगळे मळेवाले मदतीला जमले होते आणि मास्तराने हट्टाने भाऊला आणि तुळजाला बोलावून नेलं होतं. "पहिला घड भाऊच तोडतील," मास्तर म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लहान मुलाच्या वाढदिवसाला वाजवतात तशा.

भाऊने घड तोडला. त्याला उन्हातून उठवून मांडवाच्या सावलीत खुर्ची दिली. पाणी दिलं. नीलाताई म्हणाल्या, पुढच्या वर्षापासून या भागातले सगळे मळे आम्ही घेणार, सगळे बिनविषारी, आणि भाऊंचा मळाही मास्तर सुधारून देतील.

तेव्हा बाळाराम पुढं झाला. डोक्यावरची टोपी काढून अगदी नम्रपणे म्हणाला, "मास्तर, येत्या साली छाटणीची तारीख तुमीच सांगा सगळ्यांना. हात बी तुमचाच लावा. भाऊंचं आता वय झालं. त्यांना कशाला तरास?"

मास्तर संकोचला. "छे, छे. भाऊ आहेत की."

"हायत ना. पन आता त्यांना हत्ती कळत न्हाय," बाळाराम समजुतीने म्हणाला.

भाऊ खुर्चीवरून उठला. पाणी सांडलं.

"मना कळत न्हाय? मना?" त्याने खुर्ची मागं ढकलली. "मना ठावं व्हतं हत्ती पडनार! आठव्या माळेला पडनार ते बी ठावं व्हतं! मी चुकलो न्हाय! मी ह्याला मुद्दाम खोटी तारीख सांगितली. ह्याचा मळा जळावा म्हणून सांगितली! बाटलीवर ह्याचं नाव लिवलं, माजं न्हाय लिवलं. म्हणून! माजी तारीख आजवर कवा चुकली न्हाय, समजलाव?"

पाट्या भरणारे हात थांबले. कोंबड्या तेवढ्या पेंढा उकरत होत्या.

मग मास्तर हळूच पुढं आला. त्याचे डोळे भरले होते. त्याने भाऊचा हात दोन्ही हातांत घेतला.

"असं नका बोलू, भाऊ. एक अंदाज चुकला म्हणून स्वतःला इतकं वाईट ठरवायचं? तुम्ही असं कराल का कधी? आणि तसं असतं तर तुमचा स्वतःचा मळा त्याच तारखेवर कशाला छाटायला सांगितला असता?"

"खरंच की," बाळाराम म्हणाला. नीलाताईंनी मान हलवली. सुचेताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. म्हाताऱ्याला धक्का बसलाय, भलतंसलतं बोलतोय.

"अरं, मी खरं सांगतंय!" भाऊ किंचाळला. "मी केलं!"

"बरं, बरं. तुम्हीच केलंत," मास्तर त्याला खुर्चीत बसवत म्हणाला. "आता जरा शांत बसा." आणि लोक पुन्हा पाट्या भरायला लागले.

भाऊने आधारासाठी तुळजाकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांची संगत. ती मांडवाच्या खांबाशी उभी होती, हातात अर्धी भरलेली पाटी. ती त्याच्याकडे एकटक पाहत होती. सबंध मळ्यात त्याच्यावर विश्वास बसलेलं एकच माणूस होतं आणि ते ती होती.

तिने पाटी खाली ठेवली. चालत मास्तराजवळ गेली आणि त्याच्यासमोर वाकून हात जोडले.

"मास्तर," ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुमाला नको ते बोलले. येत्या साली आमच्या मळ्याला तुमचा हात लावा."